दावणीवरचा हिशेब



पुण्याला कोणी गुराढोरांचे शहर म्हणत नाही. तरीही राज्याच्या पशुधनाचा बराचसा कारभार याच शहरातून चालतो. पशुसंवर्धन आयुक्तालय औंधला आहे. जनावरांच्या लसी तयार करणारी शासकीय संस्थाही तेथेच आहे. अहिल्यादेवींच्या नावाने चालणाऱ्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे कार्यालय गोखलेनगरात, मणिभाई देसाई यांनी उभ्या केलेल्या ‘बायफ’चे मुख्यालय वारज्यात, जिल्हा सहकारी दूध संघ कात्रजला आणि महापालिकेचा कत्तलखाना कोंढव्यात आहे. दूध, लोकर आणि मांस या तिन्हींचे हिशेब एकाच शहरात, चार-सहा मैलांच्या परिघात लिहिले जातात. मात्र हे तीन हिशेब एकत्र मांडून पाहण्याची सवय आपल्याला नाही. दुधाचे विक्रम आपण अभिमानाने सांगतो, कत्तलीविषयी संतापाने बोलतो आणि लोकरीविषयी बोलतच नाही. शेतकऱ्याच्या दावणीवर मात्र हे तिन्ही हिशेब एकाच पानावर असतात. आजचा विषय ते पान हा आहे.

प्रथम दुधाचे पाहू. १९५०-५१ साली देशाचे दूध उत्पादन १ कोटी ७० लाख टन होते. २०२३-२४ साली ते २३ कोटी ९३ लाख टनांवर पोहोचले. माणशी दररोज ४७१ ग्रॅम दूध उपलब्ध झाले. जगात दूध उत्पादनात भारत पहिला आहे आणि गेली अनेक वर्षे तो मान टिकून आहे. याच वर्षी मांसाचे उत्पादन १ कोटी २ लाख टनांवर गेले. २०१४-१५ मध्ये ते सुमारे ६७ लाख टन होते. या मांसात निम्म्याच्या आसपास वाटा कोंबडीचा आहे. त्याखालोखाल म्हैस, शेळी आणि मेंढी येतात. मांस उत्पादनात महाराष्ट्राचा क्रमांक पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेश यांच्यानंतर तिसरा, तर दुधात पाचवा आहे. हे आकडे केंद्राच्या वार्षिक नमुना पाहणीतून निघतात. पाहणी ही गणना नव्हे, एवढे भान ठेवूनच ते वाचावेत. कलाचा अंदाज येण्यास ते पुरेसे आहेत.

आता पशुगणनेकडे वळू. आपल्याकडे १९१९-२० पासून गुरांची मोजणी होते. २०१९ ची गणना विसावी. त्या गणनेत देशात १९ कोटी २४ लाख गोवंश आढळला. २०१२ च्या तुलनेत ही वाढ एका टक्क्याहूनही कमी आहे. सरासरी पाहणाऱ्याला वाटेल की काहीच बदलले नाही. पण आत डोकावले की चित्र वेगळे दिसते. सात वर्षांत गायी आणि कालवडी १८ टक्क्यांनी वाढून साडेचौदा कोटींवर गेल्या. बैल, वळू आणि गोऱ्हे मात्र ६ कोटी ७९ लाखांवरून ४ कोटी ७४ लाखांवर आले. सात वर्षांत दोन कोटींची, म्हणजे ३० टक्क्यांची घट! संकरित आणि विदेशी गुरे पाच कोटींवर गेली. देशी आणि गावठी गुरे ६ टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रात तर एकूण गोवंशच १ कोटी ५४ लाखांवरून १ कोटी ३९ लाखांवर उतरला.

हे दोन कोटी नर कोठे गेले, हा प्रश्न सभेत विचारला की एकच उत्तर येते : कत्तलखान्यात. ते उत्तर पूर्ण नाही. कत्तल झाली, चोरटी वाहतूक झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कत्तलखान्याच्या फाटकावर पोहोचण्याआधी त्या जनावराने दावण सोडलेली असते, आणि दावण सुटण्याची कारणे गोठ्यात आहेत.

बैलाचे काम संपले. नांगरट, पेरणीपूर्व मशागत, मळणी, वाहतूक ही कामे एकेक करून ट्रॅक्टरकडे गेली. मोट तर विजेच्या पंपाने केव्हाच बंद पाडली. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला वर्षातले चाळीस-पन्नास दिवस बैल लागतो आणि तीनशे पासष्ट दिवस वैरण घालावी लागते. दुष्काळात कडब्याचा भाव चढला की हे गणित सुटत नाही. २०१२-१३ आणि २०१८-१९ या वर्षांत बीड, सोलापूर, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हा छावणीच्या दाव्याला अधिक करून दुभती आणि गाभण जनावरेच होती. त्याच्या जोडीला संकर आला. जर्सी किंवा होल्स्टीन रक्ताच्या गायीला झालेल्या गोऱ्ह्याला वशिंड नसते, जू नीट बसत नाही, उन्हात तो लवकर धापा टाकतो. जन्मल्या दिवसापासून तो गोठ्यात परका असतो. म्हशीच्या रेडकाची गत याहून वाईट. त्याच्या वाट्याला आईचे दूध येऊ दिले जात नाही आणि काही आठवड्यांत ते दगावते. कोणत्याही कायद्याच्या नोंदीत हा मृत्यू कत्तल म्हणून येत नाही. दुधाची पिशवी फोडताना तो आपल्याला आठवतही नाही.

महाराष्ट्रातील कायद्याचा इतिहास उपस्थितांपैकी अनेकांना ठाऊक आहे. १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गायीला संरक्षण दिले. १९९५ च्या दुरुस्तीने ते बैल आणि वळू यांनाही लागू केले. मात्र त्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळायला २०१५ साल उजाडले. वीस वर्षे एक विधेयक वाट पाहत राहिले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली; परराज्यात कायदेशीरपणे झालेल्या कत्तलीचे मांस जवळ बाळगण्यावरील निर्बंध मात्र रद्द केले. त्याआधी २००५ साली गुजरातच्या मिर्झापूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने एक महत्त्वाचा मुद्दा मान्य केला होता. दूध देणे किंवा ओढकाम थांबले तरी शेण आणि मूत्र यांमुळे गोवंश निरुपयोगी होत नाही, असा तो मुद्दा. १९५८ च्या कुरेशी खटल्यातील भूमिका त्यामुळे बदलली. गोवंशरक्षणाच्या चळवळीचे हे मोठे यश होते.

आणि तरीही २०१२ ते २०१९ या, कायदे कडक होत गेलेल्या काळातच बैलांची संख्या ३० टक्क्यांनी घटली. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे धैर्य आपल्याला दाखवावे लागेल. कायद्याने कत्तलखान्याचे फाटक बंद केले, पण गोठ्यात बैलाला नवे काम दिले नाही. न्यायालयाने शेणाला किंमत आहे असे म्हटले. ती किंमत बाजारात शेतकऱ्याच्या हातात पडण्याची व्यवस्था कोणी करायची? रासायनिक खताच्या गोणीवर सरकार अनुदान देते. शेणखताच्या ट्रॉलीचा भाव बागायतदारांमुळे वाढला आहे हे खरे. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे खत त्या बागायतदारापर्यंत पोहोचत नाही. परिणामी अनेक जनावरे मोकळी सोडली जातात. २०१९ च्या गणनेत देशात ५० लाखांहून अधिक मोकाट गुरे मोजली गेली. देशाचा एकूण आकडा थोडा उतरला होता, पण उत्तर प्रदेशात तो १७ टक्क्यांनी चढला. तेथील शेतकऱ्याने पिकाभोवती काटेरी तारा ओढल्या आणि रात्री जागून काढल्या. त्या तारांवर फाटणारे जनावर गायच असते.

येथे दोन नावे घेणे उचित होईल. ती दोन वेगळ्या छावण्यांतली आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी गाय हा उपयुक्त पशू आहे, तिचे पूजन करण्यापेक्षा तिचे पालन उत्तम रीतीने करा, असा विचार आपल्या विज्ञाननिष्ठ निबंधांतून मांडला. त्या विचाराने त्या काळी अनेक सनातनी मंडळी दुखावली आणि आजही काहींना तो अडचणीचा वाटतो. दुसरे नाव मणिभाई देसाई यांचे. १९४६ साली गांधीजींनी या तरुणाला उरुळी कांचनला कामाला लावले. मणिभाईंनी तेथे गीर गायींचा कळप जोपासला आणि १९६७ साली ‘बायफ’ची स्थापना केली. कृत्रिम रेतन थेट शेतकऱ्याच्या दारात नेऊन त्यांनी हजारो गावांत दुभत्या गायी उभ्या केल्या. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गांधींचा शिष्य आणि सावरकर यांचे बाकी कशावर एकमत झाले असते, हे सांगणे कठीण. पण जी गाय मालकाला परवडते तीच गाय टिकते, या एका मुद्द्यावर दोघे एकाच ठिकाणी येऊन थांबतात.

‘बायफ’च्या संकर कार्यक्रमावर टीका झाली आणि त्या टीकेत तथ्यही आहे. दूध वाढले, परंतु देशी वाण मागे पडले. आता लिंगनिर्धारित रेतमात्रा आल्या आहेत. त्यांनी दहांपैकी नऊ वेळा कालवडच जन्मते. पुणे जिल्ह्यात उरुळी कांचनला आणि सांगली जिल्ह्यात भिलवडीला अशा रेतमात्रा तयार होतात. नको असलेला गोऱ्हा जन्मालाच न येणे, हा त्याच्या कत्तलीवरचा सर्वांत शांत उपाय म्हणता येईल. पण याचा दुसरा अर्थही समजून घ्यावा. ज्या समाजाने बेंदूर आणि पोळा साजरा करण्यासाठी वर्षातला एक दिवस बैलाला दिला, तो समाज आता बैल जन्मू नये यासाठी जादा पैसे मोजतो आहे. शहरातल्या देव्हाऱ्यात मातीची बैलजोडी येत राहील, ही गोष्ट वेगळी.

या घसरणीला पुणे जिल्ह्यातच एक अपवाद आहे. खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर, मावळ या तालुक्यांत खिलार गोऱ्ह्याला आजही मागणी आहे. ती बैलगाडा शर्यतीमुळे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यतीत क्रौर्य होऊ नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही आणि नियमांची अंमलबजावणी कडकच हवी. पण शर्यत बंद असलेल्या सात वर्षांत खिलार पाळणाऱ्यांनी काय सोसले, ते आटपाडी, सांगोला, खरसुंडीच्या बाजारात विचारावे. ज्या बैलाला काम किंवा मान मिळाला, तो बैल राहिला. आळंदीत माउलींच्या रथाला बैलजोडी देण्याचा मान मिळावा म्हणून कुटुंबे वाट पाहतात, ती जोडी कधी विकायला निघत नाही.

पुणेकराच्या ओठावर आज गीर आहे. गीर गायीचे दूध आणि तूप दुप्पट-तिप्पट दराने घरपोच मिळते. ‘ए-टू’ दुधाचे दावे तर इतके वाढले की ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते वेष्टनांवरून काढण्यास सांगितले आणि काही दिवसांतच ती सूचना मागे घेतली. गीर उत्तम गाय आहे यात शंका नाही. पण आपल्या दारची खिलार, मराठवाड्याची देवणी आणि लाल कंधारी, इगतपुरी-अकोल्याच्या डोंगरातली डांगी, वर्ध्याची गवळाऊ यांच्या दुधाला किंवा खोंडाला कोणी ग्राहक शोधत नाही. गुजरातची गाय आणून महाराष्ट्राचे गोधन वाचवता येत नाही, एवढे साधे आहे ते.

म्हशीविषयी थोडे बोलावे लागेल, कारण ती या हिशेबातली सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित रक्कम आहे. देशाच्या दुधात जवळपास निम्मा वाटा म्हशीचा आहे. १९५१ साली ४ कोटी ३४ लाख म्हशी होत्या. २०१९ मध्ये त्या जवळपास ११ कोटी झाल्या. गोमांसाच्या निर्यातीला भारतात बंदी आहे. जे निर्यात होते ते म्हशीचे मांस. २०१४-१५ मध्ये ही निर्यात १४ लाख टनांहून अधिक होती, त्यानंतर ती काहीशी उतरली. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त हे तिचे मोठे ग्राहक आहेत. म्हणजे एकाच जनावराने आपल्याला दूधही पुरवले आणि मांसाच्या व्यापाराचा सारा भारही वाहिला. म्हैस टिकून वाढली, कारण भाकड झाल्यावर तिला किंमत मिळाली आणि त्या पैशातून दुसरी म्हैस आली. हे विधान अनेकांना रुचणार नाही, पण गोठ्याचे अर्थशास्त्र तसेच चालते. ज्ञानदेवांनी पैठणला रेड्याच्या मुखातून वेद वदवले, त्याची समाधी याच जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात आळे येथे आहे. त्या समाधीपुढे हात जोडणारा समाज रेडकाच्या मरणाविषयी मात्र गप्प राहतो.

जुलै २०२५ मध्ये राज्यातील कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदी बंद ठेवली. कायदेशीर वाहतूकही रस्त्यात अडवली जाते, मारहाण होते, अशी त्यांची तक्रार होती. आठवडी बाजार ओस पडले. भाकड म्हैस विकून मुलीच्या फीची तजवीज करू पाहणारा शेतकरी बाजारातून दावे हातात धरून परत आला. तो शेतकरी कोणत्या समाजाचा होता, हे वेगळे सांगायला नको. कायद्याने गोवंशाची कत्तल बंद केली आहे. तिची अंमलबजावणी पोलिसांनी आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी करावी. म्हशीची गाडी अडवल्याने एकही गाय वाचत नाही, पण खेड्यातला पशुपालक मात्र गोरक्षणाच्या नावाला बिचकू लागतो. ज्याच्या गोठ्यात गाय राहायची आहे, त्यालाच दुरावून गोरक्षण कसे होणार?

लोकरीचा हिशेब लहान आहे, पण सारा प्रश्न तेथे सर्वांत स्वच्छ दिसतो. २०१२ मध्ये देशात साडेसहा कोटी मेंढ्या होत्या. २०१९ मध्ये ७ कोटी ४२ लाख झाल्या. मेंढ्या वाढल्या म्हणजे लोकर वाढायला हवी. २०१४-१५ मध्ये लोकरीचे उत्पादन ४ कोटी ८१ लाख किलो होते. २०२३-२४ मध्ये ते ३ कोटी ३७ लाख किलो राहिले. मेंढ्या वाढल्या आणि लोकर घटली, कारण मेंढीचे कामच बदलले. आता ती मांसासाठी पाळली जाते.

माण, खटाव, फलटण, पारनेर या भागांतला धनगर दख्खनी मेंढी पाळत आला. काळी, भरड लोकर. वर्षाला मेंढीमागे अर्धा-पाऊण किलो. त्या लोकरीपासून सणगरांनी घोंगडी विणली आणि ती पांघरून शेतकऱ्याने, वारकऱ्याने पावसाळे काढले. पानिपत आणि लुधियाना येथील कारखान्यांना मऊ लोकर हवी. ती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून येते. कृत्रिम धाग्याचे स्वस्त ब्लँकेट खेड्यातल्या बाजारात पोहोचले आणि घोंगडी हौसेची वस्तू झाली. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीतून निघेनाशी झाली. कातरल्याशिवाय मेंढी निरोगी राहत नाही, म्हणून धनगर पदरचे पैसे खर्चून कातरतो आणि लोकर बांधावर टाकून देतो. मग त्याने अंगावर फारशी लोकर नसलेली, वजनाने भरणारी जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी कळपात आणली, तर त्याला दोष कसा द्यायचा? कळप तोच, वाट तीच, पण प्रवासाचा शेवट आता कोंढवा किंवा देवनार हा आहे.

पूर्वी त्याचे उत्पन्न तीन वाटांनी येई : लोकर, कोकरू आणि शेतात मेंढ्या बसवल्याबद्दल मिळणारे धान्य किंवा पैसे. पहिली वाट बुजली. तिसरी आक्रसते आहे, कारण हडपसर, वाघोली, फुरसुंगी, सासवड या बाजूंची पडीक राने आता इमारतींखाली गेली आणि गावोगावची गायराने अतिक्रमणांत आणि सरकारी प्रकल्पांत अडकली. सरकारच्या नावाने ओरडताना गायरान कोणी गिळले, हेही गावाने आपल्याशी पडताळून पाहावे.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण गोशाळा म्हणजे दावण सुटल्यानंतरचा थांबा. दावणीवरच गाय ठेवणाऱ्या शेतकऱ्याला काय मिळते? त्याच वर्षी जानेवारीपासून गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावे लागले, कारण खरेदी दर सरकी पेंडेच्या भावालाही पुरत नव्हता. पुण्यात त्याच दुधाची पिशवी काही स्वस्त झाली नव्हती. मधला पैसा कोठे मुरतो, हे विचारण्यासाठी मोर्चा निघाला तो दूध उत्पादकांचा. गोप्रेमी मंडळी त्यात शोधूनच काढावी लागली असती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एकविसाव्या पशुगणनेला प्रारंभ झाला. वाटेवर फिरणाऱ्या पशुपालकांच्या कळपांची स्वतंत्र नोंद या गणनेत प्रथमच घेण्याचे ठरले. आजवर मोजणीदार घरोघर जात आणि धनगराचे घर तर पाठीवर. मेंढ्या कोणत्या गावाच्या नावावर लिहायच्या, हाच प्रश्न असे. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, तेव्हा त्या साऱ्या वारीला दिसतात. दिवाळीनंतर त्याच मेंढ्या मुळशी-मावळच्या वाटेला लागतात आणि वाघूर लावून कोणाच्या तरी शेतात बसतात. त्यांची संख्या, त्यांची जात आणि त्यांचा मालक आता सरकारी कागदावर येईल.